रुपेरी तुर्क

मुलांनो, डोळ्यांनी पाहिलेला राक्षस भय उपजवितो. पण कानांनी ऐकलेला राक्षस कधी कधी करुणाही उपजवितो. मार्क प्लॅट या इंग्रज लेखकाची २०११ सालची ‘द सिल्व्हर टर्क’ ही श्रुतिका याचे उत्तम उदाहरण होय.

कालप्रवासी ‘डॉक्टर’ तरुण मेरी शेलीला १८७३ सालच्या व्हिएन्ना नगरीत आणतो. तेथे जागतिक प्रदर्शन भरले आहे. पियानो वाजविणारा ‘रुपेरी तुर्क’ लोकांना केवळ यंत्र वाटतो. वस्तुतः तो परग्रहावरील घायाळ जीव आहे. त्याची जात एके काळी माणसांसारखीच होती. पुढे तिने आपले अवयव काढून यंत्रे बसविली आणि भावना गमावल्या.

ही जात किती क्रूर आहे, हे डॉक्टर जाणतो. मेरीला मात्र त्याची वेदना जाणवते. निर्मात्याने टाकून दिलेल्या जीवाचे दुःख सांगणारी ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही १८१८ सालची कादंबरी तिचीच!

श्रुतिकेत रूप दिसत नाही. अडखळणारा आवाज तेवढा ऐकू येतो. म्हणून तिरस्कारापूर्वी दया जागी होते. दया म्हणजे अपराधाला क्षमा नव्हे. परंतु दुसऱ्याचे दुःख ऐकून घेतल्यावाचून खरा न्याय करता येत नाही.

स्वाध्याय : डॉक्टर व मेरी यांच्या दृष्टींत कोणता फरक आहे?