खुबा मोडला: रॉड की नवा सांधा?

पावसाळ्यात न्हाणीच्या ओल्या फरशीवरून आजी घसरतात, कुशीवर पडतात आणि त्यांना उठताच येत नाही. एक पाय आखूड दिसतो, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं असतं. एवढं दिसलं तरी खुब्याचं हाड मोडलं असं धरून चाला. पाय ओढू नका, मालिश करू नका. दोन्ही पायांच्या मध्ये उशी ठेवून ते सैल बांधा आणि १०८ला फोन करा.

सामरवरणी, सिल्वासा, खानवेल भागातल्या नातेवाइकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘रॉड टाकायचा की सांधा बदलायचा?’ शेजारच्या काकांचं काय केलं, यावरून हे ठरत नाही. हाड नेमकं कुठे मोडलंय, तुकडे किती सरकलेत आणि रुग्ण पडण्याआधी किती हिंडत-फिरत होता, यावर ते ठरतं.

मान मोडली असेल तर

मांडीच्या हाडाच्या टोकाचा गोळा कमरेच्या वाटीत बसतो. त्याखालचा अरुंद भाग म्हणजे हाडाची मान. गोळ्याकडे जाणाऱ्या मुख्य रक्तवाहिन्या या मानेवरूनच वर चढतात. तुकडे सरकले की त्या तुटू शकतात. मग स्क्रू लावूनही हाड जुळत नाही, किंवा पुढे गोळाच निकामी होतो. म्हणून तुकडे जागेवर असतील किंवा रुग्ण तरुण असेल तर स्क्रू लावतात. वय झालेल्या रुग्णाचे तुकडे सरकले असतील तर फक्त गोळा बदलतात (बायपोलर, म्हणजे अर्धा सांधा) किंवा वाटीसकट पूर्ण सांधा.

‘पैसे जमवतो, पण पूर्ण सांधाच टाका’, असं मुलं म्हणतात. त्यामागची माया मला कळते, पण त्यासाठी कर्ज काढण्याआधी हे वाचा. ‘हेल्थ’ नावाच्या अभ्यासात दहा देशांतल्या सुमारे १,५०० रुग्णांवर या दोन शस्त्रक्रियांची तुलना झाली. निष्कर्ष २०१९मध्ये आले. दोन वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं: पूर्ण सांध्यात ७.९ टक्के, अर्ध्या सांध्यात ८.३. चालण्या-फिरण्यातला फरक किरकोळ होता. सांधा निखळण्याचा किंवा अस्थिर होण्याचा त्रास मात्र पूर्ण सांध्यात जास्त, ४.७ टक्के, तर अर्ध्यात २.४. ज्यांचा सांधा आधीच झिजलेला आहे किंवा जे ठणठणीत आहेत आणि पुढे बरीच वर्षं चालणार-फिरणार आहेत, त्यांना पूर्ण सांध्याचा विचार योग्य. बाकी बहुतेक आजी-आजोबांना बायपोलर पुरतो. तो सिमेंटने बसवणार का, हे जरूर विचारा. ठिसूळ हाडात सिमेंटमुळे सांध्याभोवतीचं हाड पुन्हा मोडण्याचा धोका कमी होतो.

मानेखाली मोडलं असेल तर

इथे रक्तपुरवठा चांगला असतो, हाड जुळतं. त्यामुळे सांधा बदलायची वेळ सहसा येत नाही. साधं, स्थिर फ्रॅक्चर असेल तर पट्टी-स्क्रू (डीएचएस) आणि रॉड (पीएफएन) दोन्ही सारखेच गुण देतात. तुकडे जास्त झाले असतील तर रॉड अधिक भरवशाचा.

वेळ दवडू नका

‘वय झालंय, ऑपरेशन झेपणार नाही’ म्हणून घरी वजन लावून झोपवून ठेवणं हे बहुतेक वेळा ऑपरेशनपेक्षा जास्त घातक ठरतं. पडून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनिया होतो, पायात गुठळ्या होतात, पाठीला जखमा पडतात. शक्यतो २४ ते ४८ तासांत शस्त्रक्रिया व्हावी. भारतातली रुग्णालयंही ज्यात होती, त्या २०२०च्या ‘हिप अटॅक’ अभ्यासात आणखी घाई करून, निदानानंतर साधारण सहा तासांत शस्त्रक्रिया करून पाहिली. मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही, पण रुग्णांना भ्रम कमी झाला आणि ते लवकर उभे राहिले. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पोहोचताच सांगा.

खर्चासाठी अडून राहू नका. सिल्वासात सरकारी रुग्णालय आहे, आणि सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. कार्ड आजच काढून ठेवा.

खरी लढाई ऑपरेशननंतर

खुबा मोडल्यावर वर्षभरात चार-पाच जणांत एक दगावतो, असं जगभरचे आकडे सांगतात. जे वाचतात त्यांतले बरेच जण पूर्वीसारखे चालत नाहीत. हे बदलण्याचा सर्वांत मोठा उपाय म्हणजे दुसऱ्याच दिवशी उभं करणं. आधी वॉकर पुढे, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. दुखतं म्हणून थांबवू नका. दुखणं कमी करायचं औषध मागा. रोज अंडी, डाळ, दूध पोटात जाऊ द्या. सांधा बदलला असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत मांडी घालणं, उकिडवं बसणं बंद. कमोडची खुर्ची घ्या.

आणि हाड ठिसूळ का झालं, त्यावर उपचार मागा. नुसत्या कॅल्शियमने भागत नाही. २००७च्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांच्या आत झोलेड्रोनिक ॲसिडचं वर्षातून एकदाचं सलाइन सुरू केल्यावर नवे फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी घटले. मूत्रपिंड आणि ड जीवनसत्त्व तपासून ते देता येतं.

डिस्चार्जच्या कागदावर तीन गोष्टी लिहून घेतल्याशिवाय घरी जाऊ नका: पायावर किती वजन द्यायचं, व्यायाम कोणते आणि हाडांचं औषध कोणतं.