भिंतींतला पिंपळ कुंडींत

बालाघाटच्या डोंगरांत वसलेल्या आपल्या अंबाजोगाईस जुन्या दगडी भिंतींच्या फटींतून पिंपळाचीं रोपें आपोआप उगवलेलीं आम्ही नेहमी पाहतों. पक्षी पिंपळाचीं फळें खातात; त्यांच्या विष्ठेबरोबर बारीक बीं फटींत पडतें व थोड्या ओलाव्यावर रुजतें. रोप तसेंच राहूं दिलें, तर मुळें जाड होऊन भिंत फुटते. उपटलें, तर बहुधा रोप मरतें. दोहोंचा बचाव कसा करावा, तें येथें सांगतों.

रोप वीतभर असतांना, पावसाळ्याच्या आरंभीं, फट चांगली भिजवावी व आंतील माती हळूहळू खरवडून तें सोडवावें. पाणी शोषून घेण्याचें काम मुळांच्या टोकांशीं असलेले केसांसारखे तंतु करतात. कांहीं तंतु तुटतातच. मग सर्व पानांस पाणी पुरत नाहीं, म्हणून निम्मीं पानें कापावीं. पांढरा चीक आला तरी भिऊं नये. तळाशीं भोंक असलेल्या कुंडींत माती, जाड वाळू व कुजलेला पाला मिसळून रोप लावावें आणि १५ दिवस सावलींत ठेवावें.

कुंडींत लहान वृक्ष वाढविण्याची कला चीन देशांत उगम पावली व जपानांत 'बोन्साय' या नांवानें प्रसिद्धीस आली. झाडास उपाशी ठेवणें हें तिचें मर्म नव्हे. नियमित पोषण व वेळोवेळीं मुळांची आणि फांद्यांची छाटणी, हेंच तें मर्म. मात्र पहिलें वर्षभर कात्री लावूं नये. रोपास मूळ धरूं द्यावें.

पेरणाऱ्याच्या दाखल्यांत खडकावर पडलेलें बीं ओलाव्यावांचून वाळून गेलें. आपल्या रोपास फटींत ओलावा लाभला. कुंडींत तो राखणें हें आपलें काम आहे.