सारथ्याची तीन कामे

गेल्या पावसाळ्यात नववीच्या वर्गात यंत्रांविषयी बोलत असता आम्ही सहज सांगितले की, अमेरिकेतील काही शहरांत आता चालकावाचून भाड्याच्या मोटारी धावतात. वर्गात एकच कुतूहल उत्पन्न झाले. कोणी विचारले, तिला सिग्नल कसा दिसतो? कोणी विचारले, गाय आडवी आली तर ती काय करील? शेवटच्या बाकावरील एक मुलगा मात्र गप्प होता. त्याचे वडील आमच्या मुंबईत टॅक्सी चालवितात. तास संपल्यावर तो आमच्याजवळ आला व म्हणाला, "सर, मग माझ्या बाबांचे काम राहील का?"

त्या वेळी आम्हांस त्याला नीट उत्तर देता आले नाही. काहीतरी धीराचे शब्द बोलून आम्ही वेळ मारून नेली, आणि ती गोष्ट मनास लागून राहिली. पुढील लेख हा त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा आमचा प्रयत्न होय.

टॅक्सीचालक नेमके काय करतो, हे प्रथम पाहू. वरवर पाहता तो एकच काम करतो, ते म्हणजे गाडी हाकणे. पण विचार केला असता त्यात तीन निरनिराळी कामे आढळतात. पहिले, वाट जाणणे. दुसरे, चाक हाती धरून गाडी सांभाळणे. तिसरे, आपल्या गाडीत बसलेल्या उतारूबद्दल आणि रस्त्याने चालणाऱ्या प्रत्येक माणसाबद्दल जबाबदार असणे. या तीन कामांचे गेल्या पंधरा वर्षांत काय झाले, ते क्रमाने पाहू.

१. वाटेचे ज्ञान

लंडन शहरात काळ्या टॅक्सीचा परवाना हवा असेल तर एक परीक्षा द्यावी लागते. तिला तेथील लोक नुसते 'नॉलेज', म्हणजे 'ज्ञान', असे म्हणतात. ती १८६५ पासून, म्हणजे घोडागाड्यांच्या काळापासून, चालत आलेली आहे. चेअरिंग क्रॉस या मध्यवर्ती ठिकाणापासून सहा मैलांच्या आतील सुमारे २५,००० रस्ते आणि ३२० ठराविक मार्ग उमेदवाराने मुखोद्गत करावयाचे असतात. तो तीन-चार वर्षे, पुष्कळदा दुचाकीवर नकाशा अडकवून, थंडीपावसात गल्लीबोळ पालथे घालतो. मग परीक्षक त्याला समोर बसवून दोन ठिकाणांची नावे सांगतो, आणि उमेदवाराने नकाशा न पाहता वाटेतील प्रत्येक रस्ता व प्रत्येक वळण ओळीने म्हणून दाखवावयाचे असते. लंडन येथील शास्त्रज्ञांनी २००० साली या चालकांच्या मेंदूंची छायाचित्रे घेऊन तपासणी केली. तेव्हा असे आढळले की, स्थळांची स्मृती राखणाऱ्या भागाचा मागील अंश त्यांच्या ठायी इतर माणसांपेक्षा मोठा असतो. विद्येने मनुष्याचे अंतरंग बदलते असे आपण म्हणतो. येथे ते अक्षरशः खरे ठरले.

या ज्ञानाला नवा प्रतिस्पर्धी निघाला तो मोबाइल फोन. २००९ साली सॅन फ्रान्सिस्को येथे उबर ही कंपनी स्थापन झाली व पुढील वर्षी तिची सेवा त्या शहरात सुरू झाली. २०१० च्या अखेरीस आमच्या मुंबईत ओला ही कंपनी निघाली. तिचे संस्थापक भाविश अगरवाल व अंकित भाटी हे पवईच्या आय. आय. टी.त शिकलेले. उबरने २०१३ साली बंगळूर येथे भारतात पाऊल ठेवले.

या सेवेची रीत समजण्यास कठीण नाही. आकाशातील अनेक कृत्रिम उपग्रह सतत संदेश पाठवीत असतात. प्रत्येक संदेश पोहोचण्यास किती वेळ लागला यावरून फोन आपले अंतर मोजतो, व अशा चार किंवा अधिक अंतरांवरून आपण कोठे आहो हे ठरवितो. उतारूचा आणि चालकाचा, दोघांचेही ठिकाण कंपनीच्या संगणकाला कळते. तो लवकर पोहोचू शकेल अशी मोटार निवडतो, नकाशावर वाट आखून देतो व भाडे ठरवितो. पाऊस पडून मागणी वाढली की भाडेही वाढते. प्रवास संपल्यावर उतारू चालकाला एकापासून पाचापर्यंत तारे देतो.

या सोयीला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. 'तिकडे येणार नाही' असे म्हणून भाडे नाकारणारा टॅक्सीवाला मुंबईकरांपैकी कोणी पाहिला नाही? रात्री एकटी परतणारी परिचारिका असो किंवा आजाऱ्यास रुग्णालयात नेणारा म्हातारा असो, गाडीचा क्रमांक व चालकाचे नाव अगोदर कळणे ही त्यांच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे. परंतु याच सोयीने चालकाच्या पहिल्या कामाचे मोल उतरले. चार वर्षे घासून मिळविलेली विद्या आणि कालच शहरात आलेल्या नवख्याच्या हातातील फोन एकाच पंक्तीला येऊन बसले.

यात कोणाचे किती नुकसान होऊ शकते, हे न्यूयॉर्क शहराच्या उदाहरणावरून दिसते. तेथे १९३७ च्या कायद्याने पिवळ्या टॅक्सींच्या परवान्यांची संख्या मर्यादित केली होती. अलीकडे ते सुमारे साडेतेरा हजार होते. परवाने मोजकेच, म्हणून त्यांची किंमत चढत गेली व २०१४ च्या सुमारास एकेक परवाना दहा लाख डॉलरांच्या वर विकला गेला. परदेशांतून आलेल्या पुष्कळ चालकांनी जन्माची मिळकत व मोठे कर्ज घालून ते घेतले. नगरपालिकेने स्वतःही परवाने लिलावाने विकले होते. मग फोनवरून बोलावण्याच्या गाड्या हजारोंनी आल्या, उतारू वाटले गेले आणि परवान्यांची किंमत कोसळली. कर्ज मात्र होते तेवढेच राहिले. २०१८ साली त्या शहरातील अनेक चालकांनी आत्महत्या केल्या. त्याच वर्षी शहराने नव्या गाड्यांवर मर्यादा घातली, आणि २०२१ साली चालकांच्या उपोषणानंतर कर्जाची रक्कम १,७०,००० डॉलरांपर्यंत खाली आणण्याची तडजोड झाली. उपाय झाला, पण किती घरे त्याआधीच उद्ध्वस्त झाली होती!

आणि नव्या सेवेचे चालक तरी सुखी होते काय? २०१८ च्या ऑक्टोबरात मुंबईतील ओला व उबरच्या चालकांनी अनेक दिवस संप केला. आरंभी दिलेली बक्षिसे कमी झाली, इंधन महागले, आणि गाडीचा हप्ता तर दर महिन्याला उभाच, अशी त्यांची तक्रार होती.

२. हातातील चाक

दुसरे काम यंत्राकडे जाण्यास अधिक काळ लागला. २००४ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या एका संस्थेने मोहावीच्या वाळवंटात चालकरहित गाड्यांची शर्यत ठेविली. मार्ग सुमारे दीडशे मैलांचा होता. सर्वांत पुढे गेलेली गाडी आठ मैलही गेली नाही. लोक हसले. दुसऱ्याच वर्षी १३२ मैलांची शर्यत पाच गाड्यांनी पुरी केली, व स्टॅनफर्ड विद्यापीठाची 'स्टॅन्ली' नावाची गाडी पहिली आली. एका वर्षाच्या चिकाटीने काय साधते, हे विद्यार्थ्यांनी येथे ध्यानात घ्यावे.

२००९ साली गूगल कंपनीने हे काम हाती घेतले. त्यातूनच पुढे वेमो ही कंपनी निघाली. २०२० च्या ऑक्टोबरात फीनिक्स शहराच्या परिसरात तिच्या गाड्या चालकाच्या जागी कोणी न बसता सामान्य लोकांस नेऊ लागल्या. २०२३ च्या ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे वेमो व क्रूझ या दोन कंपन्यांना अशा गाड्या रात्रंदिवस भाड्याने चालविण्याची परवानगी मिळाली. ज्या शहरात फोनच्या टॅक्सीचा जन्म झाला, त्याच शहरात तिचा चालकही नाहीसा होऊ लागला.

अशा गाडीला तीन प्रकारचे डोळे असतात म्हणा. कॅमेरे रंग व खुणा ओळखतात. रडार रेडिओच्या लहरी सोडून पुढील वस्तूचे अंतर व वेग सांगते. धुक्यातही त्याचे काम चालते. लायडार नावाचे उपकरण प्रकाशाचे किरण चोहीकडे फेकते व ते परत येण्यास लागणाऱ्या वेळावरून आजूबाजूच्या वस्तूंची जणू आकृतीच तयार करते. संगणक हे सर्व एकत्र करून हा सायकलस्वार, ही पादचारी बाई, असे ठरवितो. पुढच्या क्षणी ती कोठे असतील याचा अंदाज बांधतो आणि मग चाक वळवितो किंवा ब्रेक दाबतो.

या यंत्राची बाजू न्यायाने मांडली पाहिजे. ते मद्य पीत नाही, रात्री पेंगत नाही, रागावून दुसऱ्या गाडीच्या पुढे घुसत नाही. एकट्या २०२२ सालात भारतातील रस्त्यांवर १,६८,००० हून अधिक माणसे अपघातांत मृत्यू पावली. त्यांतील पुष्कळ मृत्यूंच्या मुळाशी माणसाचाच निष्काळजीपणा होता. वेमोने स्वतः प्रसिद्ध केलेल्या आकड्यांप्रमाणे तिच्या गाड्यांकडून इजा करणारे अपघात मानवी चालकांपेक्षा पुष्कळ कमी होतात. उद्या आमच्या एखाद्या विद्यार्थ्याचा जीव अशा यंत्रामुळे वाचणार असेल, तर त्या यंत्राला विरोध करण्याचा अधिकार आम्हांस नाही.

३. जबाबदारी

आता तिसरे काम, आणि आमच्या मते सर्वांत मोठे.

२०१८ च्या मार्चमध्ये ॲरिझोनातील टेंपी गावी रात्रीच्या वेळी एक स्त्री सायकल हाताने ढकलीत रस्ता ओलांडीत होती. उबर कंपनीची एक प्रायोगिक स्वयंचलित गाडी आली. तिच्या यंत्राला समोर काहीतरी दिसले खरे. पण ते काय आहे याचा निर्णय ते वारंवार बदलीत राहिले. देखरेखीसाठी बसविलेल्या व्यक्तीचे लक्ष रस्त्यावर नव्हते. ती स्त्री मरण पावली. कंपनीवर फौजदारी खटला भरण्यात आला नाही. देखरेख करणाऱ्या व्यक्तीवर मात्र झाला, व २०२३ साली तिने गुन्हा कबूल केला. गाडी यंत्राने चालविली, पण जाब द्यावा लागला तो त्या साखळीतील सर्वांत लहान माणसाला.

दुसरी हकीगत सॅन फ्रान्सिस्कोची, २०२३ च्या ऑक्टोबरातील. एका मनुष्याने चालविलेल्या मोटारीचा धक्का लागून एक पादचारी स्त्री क्रूझच्या चालकरहित गाडीपुढे फेकली गेली. ती गाडी तिला धडकली व थांबली. येथवर तिला फारसा दोष देता येणार नाही. पण नंतर रस्त्याच्या कडेला होण्यासाठी ती पुन्हा चालू लागली आणि खाली अडकलेल्या त्या जखमी स्त्रीला सुमारे वीस फूट फरफटत घेऊन गेली. अपघातानंतर बाजूला व्हावे, हा नियम तिला पढविलेला होता. खाली उतरून चाकाखाली कोण आहे ते पाहावे, एवढे करणारे मात्र त्या गाडीत कोणी नव्हते. ही हकीगत कंपनीने पूर्णपणे सांगितली नाही असा ठपका ठेवून सरकारने तिचा परवाना थांबविला, आणि २०२४ च्या डिसेंबरात तिच्या मालक कंपनीने भाड्याच्या स्वयंचलित गाड्यांचा उद्योगच सोडला.

तिसरी गोष्ट हसण्यासारखी, पण अर्थपूर्ण आहे. २०२५ च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियातील सॅन ब्रूनो येथे पोलिसांनी नियमाविरुद्ध वळण घेणारी एक गाडी अडविली. आत पाहतात तो चालकाची जागा रिकामी! दंडाची पावती कोणाच्या नावाने फाडावी हेच त्यांना समजेना.

या तिन्ही गोष्टींचे तात्पर्य एकच. वाट सांगण्याचे काम यंत्र करील, चाकही यंत्र फिरवील. पण उत्तरदायी होण्याचे काम यंत्राला करता येत नाही. ते कोणत्या तरी मनुष्याने किंवा मनुष्यांच्या संस्थेनेच केले पाहिजे, आणि ते कोणी करावयाचे हे कायद्याने आधीच सांगितले पाहिजे. ब्रिटिश सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या फेब्रुवारीत असा निर्णय दिला की, उबरचे चालक हे स्वतंत्र धंदेवाले नसून किमान वेतन व भरपगारी रजा यांना पात्र असलेले कामगार होत. कारण भाडे व अटी कंपनीच ठरविते. त्या देशाने २०२४ साली केलेल्या कायद्याप्रमाणे, अधिकृत ठरलेली गाडी स्वतः चालत असताना तिच्या चालण्याची जबाबदारी आत बसलेल्या माणसावर नसून तिच्यामागील संस्थेवर राहील. आमच्या देशात २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन फोनवरून गाड्या पुरविणाऱ्या कंपन्यांना परवान्याच्या कक्षेत आणले गेले. चालकरहित गाड्यांमुळे लोकांच्या नोकऱ्या जातील, म्हणून त्या येथे येऊ देणार नाही, असे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ साली व पुन्हा २०२३ साली जाहीरपणे सांगितले.

तथापि केवळ दार लावून काळ थांबत नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या २०१५ साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरविल्या. घोड्यांचे हाल थांबले हे योग्यच झाले. पण त्याच निकालात गाडीवानांच्या पोटापाण्याची तजवीज करण्यासही न्यायालयाने सरकारला सांगितले. पद्मिनी मोटारीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली व वीस वर्षांची मुदत संपताच, २०२३ च्या ऑक्टोबरात, रस्त्यावरून गेली. गाड्या जातात. गाडीवानाचे काय, हा प्रश्न दर वेळी नव्याने विचारावा लागतो, आणि त्या निकालाप्रमाणे तो गाडी बंद करतानाच विचारला पाहिजे. न्यूयॉर्कप्रमाणे घरे बुडाल्यावर नव्हे.

म्हणून त्या मुलाला आम्ही आता असे सांगू: बाळ, तुझ्या बाबांचे काम सदा असेच राहील, असे खोटे आश्वासन आम्ही तुला देणार नाही. परंतु त्यांचे जे तिसरे काम आहे, विसरलेली पिशवी परत नेऊन देणे, आजाऱ्याला हात धरून उतरविणे, रस्त्यात कोणी पडले तर गाडी थांबवून खाली उतरणे, ते काम जगातून कधीही जाऊ नये, यासाठी तुला शिकावयाचे आहे. उद्या तू यंत्र बनविणारा झालास, कायदा करणारा झालास किंवा नुसता उतारू झालास, तरी 'याचा जबाब कोण देणार?' हा प्रश्न विचारल्यावाचून राहू नकोस.

आणि सर्व विद्यार्थ्यांना सुटीतील एक अभ्यास. फोन बाजूला ठेवून घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता, वाटेतील प्रत्येक वळण व खूण यांसह, आठवणीने कागदावर काढा. मग एखाद्या टॅक्सीवाल्या काकांना तो दाखवा. आमची खात्री आहे की, ते त्यात चार चुका दाखवितील व तुम्हांला ठाऊक नसलेली एखादी जवळची वाटही सांगतील.