‘बरं आहे’ या उत्तराचे मोजमाप

माझ्या वहिनी पहिल्या खेपेस गरोदर होत्या. तपासणीहून परतल्या की मी विचारीत असे, ‘वहिनी, तिथं काळजी घेतात ना?’ ‘घेतात की वन्सं, बरं आहे,’ हे ठरलेले उत्तर. आठव्या महिन्यात पायांवर सूज चढली, डोके ठणकू लागले. रक्तदाब वाढल्याचे दुसऱ्या दवाखान्यात कळले आणि एकच धावपळ उडाली. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली हे आमचे नशीब. पुढे मी विचारले, ‘सूज आल्याचं आधी सांगितलं का नाही?’ त्या म्हणाल्या, ‘कुणी इचारलंच न्हाई, अन् मागं रांग लागलेली.’

वहिनींचे पहिले उत्तर खोटे नव्हते. माझा प्रश्नच कच्चा होता. मग गर्भवतीला मिळणारी काळजी तिच्याच नजरेतून मोजायची कशी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वैद्यकीय सेवेचा दर्जा तीन अंगांनी पाहावा, असे डोनाबेडियन यांनी १९६६ साली मांडले : साधनसामग्री, प्रत्यक्ष सेवा आणि परिणाम. खाटा, यंत्रे मोजता येतात. जन्म-मृत्यूंची नोंद असते. मधले अंग मात्र निसटते. रक्तदाब पाहिला, एवढे कार्डावर येते. तो किती भरला हे त्या बाईला कोणी सांगितले काय, हे तिलाच ठाऊक. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली गरोदरपणात चारऐवजी आठ भेटींची शिफारस केली, तेव्हा स्त्रीचा अनुभव चांगला असणे हेही सेवेचे उद्दिष्ट मानले.

कॅनडातील संशोधकांनी २०१४ साली यासाठी ४६ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिचे सहा भाग आहेत : माहिती देणे, पुढे काय होईल याचे मार्गदर्शन, पुरेसा वेळ, मोकळेपणाने बोलता येणे, गरजेच्या वेळी उपलब्ध असणे, आणि आधार व आदर. ‘समाधानी आहात काय?’ असा एकच मोघम प्रश्न विचारला तर भिडेपोटी होकार येतो. ‘शंका विचारायला वेळ मिळाला काय?’ असे विचारले, तर बाईला घडलेली गोष्ट आठवावी लागते.

ही प्रश्नावली हुमनाबादेत जशीच्या तशी चालेल काय? येथे एकाच रांगेत मराठी, कन्नड आणि दखनी बोलणाऱ्या बाया बसतात. ‘काळजी’ हाच शब्द घ्या. मराठीत काळजी घेतात आणि काळजी करतातही. नुसते क्रियापद बदलले की सेवेची चिंता होते. कन्नडमध्येही ‘काळजी’ आहे, पण शुश्रूषेसाठी ‘आरैके’ हा शब्द अधिक नेमका. म्हणून एकाने भाषांतर करावे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते उलट फिरवावे आणि दोन्ही ताडून पाहावेत. नकारार्थी विधानेही टाळावीत. ‘डॉक्टर घाईत नव्हते’ यावर बाई ‘नाही’ म्हणाली, तर कोणता अर्थ धरायचा? ‘पूर्णतः सहमत’ यापेक्षा ‘दर वेळी, कधी कधी, कधीच नाही’ हे पर्याय आपल्याकडे सहज कळतात.

विचारतो कोण आणि कोठे, यालाही तेवढेच महत्त्व आहे. परिचारिकेने दवाखान्यात, सासूबाईंसमोर विचारले तर ‘बरं आहे’ हेच ऐकू येणार. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले : ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, आणि आधी तशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. तो अभ्यास केवळ गरोदरपणाचा नव्हता. पण गप्प राहिलेली बाई निरोगीच असते असे नाही, हे त्याने दाखवून दिले.

मित्रमैत्रिणींनो, आपल्या या अंकात मराठी आणि कन्नड पाने शेजारीशेजारी असतात. दोन्ही विभागांतील विद्यार्थ्यांनी मिळून दहाच सोपे प्रश्न तयार केले, जाणत्या प्राध्यापकांकडून तपासून घेतले, तर तो खरा अभ्यास होईल. पहिला प्रश्न मी सुचवते : ‘तुम्हाला काय होतंय, हे गेल्या खेपेला कुणी विचारलं काय?’