पांडुपत्रता : औषधी झाडांच्या शेंड्याचे निदान

द्रव्यगुणाच्या अध्ययनात आपण द्रव्यपरीक्षा शिकतो ती बहुधा द्रव्य वाळून, पोत्यात भरून औषधशाळेत आल्यानंतरची. परंतु अडुळसा, तुळस, निर्गुडी, गुळवेल ही द्रव्ये अनेक वैद्यबंधू-भगिनी दवाखान्यामागच्या जागेत लावतात, किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडून ओली घेतात. अशा वेळी परीक्षा झाडापासूनच सुरू व्हावयास हवी. श्रीगोंदा परिसरात एक लक्षण आम्हांस वारंवार आढळते : खालची पाने हिरवीगार आणि शेंडा मात्र पिवळा, आखूड किंवा वाकडा. या एका लक्षणाचाच येथे विचार करावयाचा आहे.

ज्या द्रव्यात शेंड्याला सर्वाधिक महत्त्व ते द्रव्य म्हणजे विजया. कारण गांजा म्हणजे त्या झाडाचा फुलोऱ्याचा शेंडाच. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या 1893-94 च्या आयोगाने मुंबई इलाख्यातील गांजाच्या लागवडीची जी नोंद केली, तीत आपला अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्हा होता. आज 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्यान्वये परवान्याशिवाय भांगेचे रोप लावणे हाच गुन्हा आहे, आणि ‘औषधापुरती चार रोपे’ ही सबब तेथे चालत नाही. म्हणून पुढील उदाहरणे बिनपरवाना लावता येणाऱ्या झाडांची आहेत. शेंडा वाचण्याची रीत मात्र सर्वांस सारखीच.

ही रीत आपल्या परंपरेस नवी नाही. वराहमिहिराने बृहत्संहितेत वृक्षरोगांची लक्षणे सांगताना पाने पांडुर होणे, कोवळे अंकुर न वाढणे, फांद्या सुकणे आणि रस स्रवणे ही चार नोंदविली आहेत. सुरपालाचा वृक्षायुर्वेद तर वृक्षरोगांची मांडणी दोषांनुसारच करतो. ऑक्सफर्ड येथील हस्तलिखितावरून नलिनी साधले यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद 1996 मध्ये प्रसिद्ध झाला आहे. जिज्ञासूंनी तो अवश्य पाहावा.

दर्शन परीक्षेत पहिला प्रश्न एकच : पिवळेपणा खालून वर चढला, की वरूनच सुरू झाला? नत्र, पालाश आणि मॅग्नेशियम यांची उणीव पडली की झाड जुन्या पानांतून ती द्रव्ये काढून शेंड्याला पुरविते. म्हणून आधी खालची पाने बिघडतात. लोह, जस्त, बोरॉन, चुना यांना असे सहज हलता येत नाही. त्यांची उणीव कोवळ्या पानांवरच उमटते. शेंडा पिवळा दिसताच युरियाची मूठ टाकणे हे म्हणूनच निदानाविना चिकित्सा होय.

पान पिवळे पण शिरा हिरव्या, आणि पुढे पान जवळजवळ पांढरे, असे रूप दिसल्यास लोहाचा विचार करावा. ऊसवाले शेतकरी यालाच ‘केवडा’ म्हणतात. घोड आणि कुकडीच्या पाण्याखालील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत लोह नसते असे नाही. ते मुळांना घेता येत नाही. पाणी साचून राहिले तर अधिकच नाही. पांडुरोग आणि लोह हे नाते वैद्यास परिचित असल्याने येथे उपमा सहज सुचते, पण ती ताणू नये. हरितद्रव्याच्या रेणूत लोह नसते, मॅग्नेशियम असते. हरितद्रव्य घडविण्यासाठी मात्र लोह लागतेच. शिवाय कोठ्यात अन्न असून अग्नी मंद असावा तशी ही अवस्था आहे. केवळ लोह ओतून ती सुटत नाही; आधी चर काढून पाण्याचा निचरा करावा.

निदान संशयित असेल तर आपल्या निदानपंचकातील उपशय येथे फार उपयोगी पडतो. कृषिसेवा केंद्रात मिळणारा हिराकस, म्हणजे आपले कासीस, 5 ग्रॅम घेऊन 1 लिटर पाण्यात विरघळवावा. एका पिवळ्या पानाच्या अर्ध्याच भागावर तो ब्रशने लावावा आणि देठाला दोरा बांधावा. आठ-दहा दिवसांत तेवढाच भाग हिरवा झाला तर व्याधी लोहाचा. न झाल्यास फवारणीचा खर्च तरी वाचला. उपशय मिळाल्यावर याच प्रमाणात संध्याकाळी फवारावे. आपल्या विहिरींच्या क्षारयुक्त पाण्यात द्रावण लवकर तांबूस होऊन निकामी होते, म्हणून लिटरमागे 1 ग्रॅम सायट्रिक आम्ल घालून ते ताजेच वापरावे. जमिनीत द्यावयाचा हिराकस शेणखतात आठवडाभर मुरवून द्यावा. कोरडा टाकल्यास चुनखडी तो लगेच बांधून ठेवते.

आता प्रश्न परीक्षा. शेंड्याची पाने अरुंद, पट्टीसारखी, पिळवटलेली. जुनी पाने निर्दोष. आणि असा विकार एकाच वेळी तीन-चार जातींच्या रुंदपानी झाडांवर! येथे पानापेक्षा बांधापलीकडे पाहावे. शेजारच्या उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारले होते काय, वारा कोणीकडचा होता, हे विचारावे. कीड किंवा उणीव सर्व जातींना एकाच दिवशी सहसा गाठत नाही. अशा झाडाचे पान औषधास घेऊ नये.

स्पर्शन परीक्षेला भिंग जोडावे. फुलकिड्यांनी पाने बहुधा वर वळतात, कोळ्यांनी खाली. तुळशीच्या पानामागे काळे ठिपके आणि जाळीदार पंखांचे चिमुकले ढेकूण सापडतात. सदाफुली किंवा अश्वगंधेला पानांचा बारीक झुपका आला, फुलांच्या जागी हिरवी पाने फुटली, तर तो तुडतुड्यांनी पसरविलेला फायटोप्लाझ्माचा रोग समजावा. तो असाध्य आहे. झाड उपटून नष्ट करावे.

औषधशाळाचालकांसाठी एवढे विशेष. कीटकनाशकाच्या वेष्टनावर फवारणी आणि काढणी यांमधील दिवस छापलेले असतात, पण ते ठरावीक पिकांसाठी. अडुळशाचे नाव तेथे शोधून सापडणे कठीण. वाकडा शेंडा पाहून शेतकऱ्याने भाजीवरचे औषध अडुळशावर मारले, तर त्या पानाचा स्वरस चार दिवसांनी खोकल्याच्या बालकाला जाणार. म्हणून ओला माल घेताना तारीख विचारावी : कोणती फवारणी, केव्हा, शेजाऱ्याने काय मारले. उत्तर वहीत मालाच्या नोंदीसमोर लिहून ठेवावे. समाधानकारक उत्तर न मिळाल्यास तो माल परत करावा, आणि स्वतःच्या बागेत हिराकस फवारला असेल तरी त्यानंतर आलेली नवी फूटच स्वरसास घ्यावी.