घराच्या छपरावरील शेवाळ : कसे काढावे, कसे रोखावे

कोकणात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत साधारणपणे 2,500 ते 3,500 मि.मी. पाऊस पडतो. पाऊस सरतो तेव्हा कौले व गच्ची हिरवी-काळी झालेली असते. दिवाळीच्या साफसफाईत अनेक शेतकरी बंधू हे डाग खरवडून काढतात. अशा खरवडण्याने छपराचे जे नुकसान होते ते पुष्कळदा शेवाळाने केलेल्या नुकसानापेक्षा अधिक असते.

डाग कशाचे असतात?

हिरवा, निसरडा थर शेवाळाचा हे सर्वांना ठाऊक आहे. काळे पट्टे मात्र आपण धुराचे किंवा बुरशीचे समजतो. बहुतेक वेळा तेही निळे-हिरवे शेवाळच असते. भातखाचरात नत्रासाठी जे शेवाळ वापरतात, त्याच्याच गटातील ग्लिओकॅप्सासारखे प्रकार छपरावर वाढतात. कडक उन्हापासून बचाव व्हावा म्हणून त्यांच्या पेशींभोवती गडद रंगाचे आवरण असते, त्यामुळे डाग काळा दिसतो. उन्हाळ्यात हे शेवाळ वाळते, पण मरत नाही. पहिल्या पावसाबरोबर ते पुन्हा वाढू लागते.

शेवाळ कौल खात नाही, नुकसान होते ते साचलेल्या ओलीमुळे. थरात माती व पालापाचोळा अडकून जाड गादी तयार झाली की ती पाणी धरून ठेवते. ते पाणी कौलांच्या सांध्यातून आत शिरते आणि रिपा व वासे कुजू लागतात. गच्चीवर धोका वेगळाच असतो. पावसाच्या उघडिपीत वाळवण घालण्यासाठी किंवा तुंबलेले पाणी काढण्यासाठी वर गेलेले माणूस घसरून पडते.

कौलांची सफाई

मी स्वतः एका वर्षी तारेच्या ब्रशने कौले घासून लख्ख केली होती. पुढच्या पावसात त्याच कौलांवर शेवाळ आधीपेक्षा दाट आले. कारण साधे आहे. भाजलेल्या कौलाचा वरचा गुळगुळीत थर घासला गेला की कौल अधिक पाणी पिते आणि खडबडीत पृष्ठभागावर शेवाळ चटकन धरते. जोराच्या फवाऱ्याने पाणी मारल्यानेही हेच होते, शिवाय पाणी कौलांखाली घुसते.

कौले साफ करण्याची योग्य वेळ म्हणजे मे महिन्यातील शाकारणी. त्या वेळी कौले खाली उतरतातच. ती जमिनीवर भिजवून काथ्याच्या कुंच्याने घासावीत. छपरावर चढून ओल्या कौलांवर पाय देण्याची गरज राहत नाही. फुटकी व सच्छिद्र झालेली कौले याच वेळी बदलावीत.

डाग चिवट असल्यास ब्लिचिंग पावडर वापरावी. ताजी पावडर 300 ग्रॅम घेऊन थोड्या पाण्यात तिची पेस्ट करावी, मग 10 लिटर पाण्यात मिसळावी. गाळ खाली बसू द्यावा व वरची निवळी वापरावी. प्लास्टिकच्या झारीने ती ओल्या कौलांवर शिंपडून 15 ते 20 मिनिटांनी घासावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. कीटकनाशकाचा पंप यासाठी वापरू नये. हातमोजे व चष्मा वापरावा आणि काम उघड्यावरच करावे. ब्लिचिंग पावडरमध्ये संडास साफ करण्याचे ॲसिड कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. युरियाच्या संपर्कातही ती येऊ देऊ नये. धुतलेले पाणी विहिरीकडे, तळ्याकडे किंवा परसबागेत जाता कामा नये. जवळच्या झाडांवर आधी व नंतर साधे पाणी मारावे.

गच्ची आणि पत्रे

गच्चीलाही हीच निवळी चालते, मात्र भेगा असतील तर त्या आधी बुजवाव्यात. क्लोरीनचे पाणी आत झिरपल्यास सळया गंजतात. छपराचे पाणी विहिरीत किंवा टाकीत घेत असाल तर सफाईपूर्वी नळी सोडवून ठेवावी आणि गच्ची पूर्ण धुऊन झाल्यावरच ती जोडावी.

जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते. ते खरवडू नयेत, घासू नयेत. त्यातून सुटणारे तंतू श्वासाबरोबर फुप्फुसात जातात व अनेक वर्षांनी गंभीर आजार होतो. शिवाय असे जुने पत्रे माणसाच्या वजनाने अचानक फुटतात. त्यांवरचे डाग तसेच राहू द्यावेत.

पुन्हा येऊ नये म्हणून

आपल्या घराचे उत्तरेकडचे पाखे पाहावे. शेवाळ तेथे जास्त आढळते. पावसाळ्यानंतर सूर्य दक्षिणेकडे कलतो व त्या बाजूची ओल उशिरा वाळते. तेथेच फणसाची किंवा आंब्याची फांदी छपरावर आली असेल तर सावली, पाने व ठिबकणारे पाणी अशी तिहेरी भर पडते. अशा फांद्या एप्रिल-मे मध्ये छाटाव्यात. एवढ्याने जो फरक पडतो तो कोणत्याही औषधाने पडत नाही. पन्हळी साफ ठेवाव्यात. गच्चीचा उतार 100 फुटांना निदान 1 फूट असावा, आणि पाणी जाण्याची भोके दर पावसाळ्यापूर्वी मोकळी करावीत. गच्चीवर चुन्याचा हात दिल्यास शेवाळ काही काळ दबते, पण पावसाने चुना धुतला जातो, म्हणून तो दरवर्षी द्यावा लागतो.

सुपारीवर फवारून उरलेले बोर्डो मिश्रण छपरावर मारावे का, असे बागायतदार विचारतात. मोरचुदातील तांबे शेवाळ मारते हे खरे. परंतु ते पावसाबरोबर वाहून ओढ्यात व तळ्यात जाते आणि थोड्या प्रमाणातही मासे व गोगलगायी मारते. तांबेयुक्त पाणी जस्ताच्या पत्र्यावर व पन्हळीवर पडल्यास तेथे गंज लवकर चढतो. म्हणून मिश्रण बागेपुरतेच मोजून करावे आणि उरले तर ते छपरावर नव्हे, बागेतच संपवावे.