स्वतःचे वाटे घालू नकोस

अगं, परवा फोनवर तू जे बोललीस ते माझ्या डोक्यातून जातच नाहीये. ठाण्यात होतीस तोवर तू सगळ्यांच्या लेखी यहुदी. शनिवारी क्लासला न येणारी, वर्गात आडनाव मराठी पण नाव वेगळं असलेली. इथे इस्रायलमध्ये अश्दोदला आलीस आणि शेजारणींच्या तोंडी एकदम ‘इंडियन’ झालीस. घरात मराठी, कामावर इंग्रजी, उलपानच्या भाषावर्गात अडखळत हिब्रू, आणि वर बालवाडीतून आलेला लेक तुझेच उच्चार सुधारतो. “ताई, मी नक्की कुठली गं?” हे विचारताना तुझा आवाज कापरा झाला होता. ‘होईल सवय’ असं मी मुद्दामच म्हणाले नाही. सवय होते, पण तेवढ्याने हा प्रश्न सुटत नाही. म्हणून आज निवांत बसून बोलतेय.

पहिली गोष्ट मनात पक्की कर. ही सरमिसळ तुला विमानातून उतरल्यावर चिकटलेली नाही. तू ती घेऊनच जन्मलीस. आपल्या बेने इस्रायल पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकली. कथेतलं खरं किती ते अभ्यासक बघतील. पण पुढे काय झालं ते आपल्या आडनावांतच आहे ना! किहीमकर, पेणकर, दिवेकर, तळकर. गावोगावी आपली माणसं तेलाचे घाणे चालवायची आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणायचं. त्यांनी शब्बाथ सोडला नाही आणि गावही सोडलं नाही.

आपल्या आज्यांनी तर हे दोन्ही स्वयंपाकघरात निभावलं. मांसाबरोबर दूधदुभतं चालत नाही, मग कालवणात नारळाचं दूध आलं. शुक्रवारी संध्याकाळच्या किद्दुशच्या प्रार्थनेला वाइन नसायची, मग मनुका भिजवून, कुस्करून, गाळून सरबत केलं. नववर्षाचा रोश हशाना झाला ‘नव्याचा सण’, उपवासाचा तिशा बआव झाला ‘बिरड्याचा सण’. पुण्यात १८७४ साली पेसाहच्या रात्री वाचायची हग्गादा छापली गेली, ती आठवणीने बघ. हिब्रूच्या जोडीला मराठी, आणि चित्रात मात्झाच्या बिनखमीर पोळ्या करायला बसलेल्या बायका आपल्याकडच्या पेहरावात. त्या बायकांनी ‘मी यहुदी किती आणि कोकणी किती’ असा हिशोब मांडला असेल असं मला वाटत नाही. त्यांना पेसाहच्या आधी मात्झा करून संपवायचे होते.

मासळीबाजारात वाटे लावतात तसे आपण स्वतःचे वाटे लावत बसतो, हेच आपलं चुकतं. हा वाटा भारताचा, हा इस्रायलचा, हा धर्माचा. मग प्रत्येक वाटा कमीच दिसतो. तू ठाण्यातल्या बहिणीपुढे अर्धी ठरतेस आणि इथे जन्मलेल्या शेजारणीपुढेही अर्धीच. अशी तुलना करूच नकोस.

आता थोडं कडू बोलते, कारण तू ते कुणाकडून तरी अर्धवट ऐकशीलच. १९६२ साली इथल्या मुख्य रब्बींच्या मंडळाने आदेश काढला होता की बेने इस्रायल माणसाचं लग्न इतर यहुद्याशी लावायचं तर आधी त्याच्या पूर्वजांची चौकशी करा. पिढ्यानपिढ्या शब्बाथ पाळणाऱ्या, मुलांची सुंता आठव्या दिवशी करणाऱ्या आपल्या लोकांना हे ऐकावं लागलं! आपली माणसं रस्त्यावर उतरली, धरणं धरलं. अखेर १९६४ साली सरकारने जाहीर केलं की बेने इस्रायल सर्वार्थाने यहुदी आहेत, आणि तो आदेश मागे घ्यावा लागला. हे लेकाला वेळ आली की जरूर सांग. त्यातून मी एवढं शिकले, की जिथे हक्काचा प्रश्न असेल तिथे भांडायचं, कागद मागायचा, मागे हटायचं नाही. पण तीच चौकशी घरी येऊन स्वतःची स्वतः करायची नाही. बाहेरच्याने शिक्का मारला म्हणून तू यहुदी होत नाहीस आणि त्याने ‘इंडियन’ म्हटलं म्हणून उणी होत नाहीस.

लेकाशी मराठीतच बोल गं. त्याने हिब्रूत उत्तर दिलं तरी तू मराठी सोडू नकोस. संस्कृती टिकवायची वगैरे मोठी कारणं राहू देत बाजूला. ठाण्याला त्याची आजी आहे, तिला लाड करायला, रागवायला, भुताच्या गोष्टी सांगायला मराठीच येते. दोघांच्या मध्ये तू कायम दुभाषी म्हणून बसणार का? आणि तो तुझं हिब्रू सुधारतो तेव्हा वाईट वाटून घेऊ नकोस, सुधारून घे. तू त्याला मराठी दे, तो तुला हिब्रू देईल. ‘मायबोली’ हे आपलं मराठी नियतकालिक इथेच निघालं, इथल्याच आपल्या माणसांनी काढलं. त्याचे जुने अंक माझ्याकडे आहेत, पाठवते.

आणि एलियाहू हन्नाबी या आपल्या संदेष्ट्याच्या नावाने मलिदा कर. नव्या घरात अजून केला नाहीस, हो ना? पोहे धुऊन निथळत ठेवायचे, मोकळे झाले की ओलं खोबरं, साखर, वेलची, बदाम-पिस्ते. ताटात मधोमध पोह्यांचा ढीग, भोवती फळं मांडायची. खजूर आणि डाळिंबं तर इथल्या बाजारात बघत राहावीत अशी मिळतात. अलिबागजवळच्या सागावला आपण एलियाहू हन्नाबीच्या रथाच्या खुणा बघायला जायचो, इथली आपली माणसं हैफाला कार्मेल डोंगरातल्या त्याच्या गुहेत जातात. तेच गाणं, तोच नवस. फक्त आपल्याच लोकांना बोलावू नकोस. वरच्या मजल्यावरच्या त्या मोरोक्कन बाईलाही बोलाव. त्यांच्यातही लग्नाआधी मेंदी लागते, ठाऊक आहे ना? माझ्या लेकीच्या मेंदीला आमची मोरोक्कन शेजारीण आली आणि तिने मांडी घालून सगळ्या बायकांच्या हातावर मेंदी ठेवली, मग स्वतःच्या आईच्या आठवणी सांगत रात्री उशिरापर्यंत बसली. तीही कुठून तरी उठून इथे आलेलीच. अशा बायकांशी मैत्री झाली की ‘मीच एकटी परकी’ ही भावना बरीच ओसरते.

काही गोष्टी सुटतील, सुटू दे. सगळं जसंच्या तसं राहणार नाही, आणि नाही राहिलं म्हणून अपराधी वाटून घेऊ नकोस. सुट्टीत ठाण्याला गेलीस की तिथेही क्षणभर पाहुणी असल्यासारखं वाटेल, मैत्रिणींच्या गप्पांतले संदर्भ कळणार नाहीत. ते दुःख खरं आहे, मी ते कमी करून सांगत नाही. त्या दिवशी रडावंसं वाटलं तर रड, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना विचारून घे काय काय झालं ते.

यापुढे कुणी विचारलं, तू कुठली, तर चाचरू नकोस. मी अश्दोदला राहते, ठाण्यात वाढले, बेने इस्रायल आहे, घरी मराठी बोलते, असं एका दमात सांग. समोरच्याला यातलं एकच उत्तर हवं असेल तर ती त्याची अडचण झाली. त्याच्या सोयीसाठी तू स्वतःतलं काहीही गाळायचं नाहीस.